गांजाच्या वैधीकरणाचा वाद आणि राजकीय नेतृत्व : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पावसाळा ओसरला की वऱ्हाडातील वर्तमानपत्रांमधून ठराविक मजकुराची एक बातमी येऊ लागते. तुरीच्या किंवा कपाशीच्या तासांमध्ये गांजाची झाडे आढळली, पोलिसांनी धाड टाकून ती उपटली, वजन केले, पंचनामा झाला आणि शेतमालकास अटक करण्यात आली. बातमीत झाडांचे वजन असते, त्यांची अंदाजित किंमत असते; त्या शेतकऱ्याच्या खटल्याचे पुढे काय झाले हे मात्र सहसा छापून येत नाही. त्याच वर्तमानपत्राच्या आतील पानावर कॅनडाने, जर्मनीने अथवा हिमाचल प्रदेशाने या वनस्पतीसंबंधी कोणता निर्णय घेतला याचे वृत्त असते. या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे वऱ्हाडातील सार्वजनिक चर्चेत फारसे कोणी मांडत नाही.

गांजाच्या वैधीकरणाचा प्रश्न सामान्यतः नैतिकतेचा किंवा वैद्यकशास्त्राचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. तो तसा आहेच. परंतु एखादी बंदी कायम राहते किंवा उठते ती अखेर राजकीय निर्णयाने, आणि असा निर्णय व्हावयाचा तर कोणा नेत्याने तो प्रश्न आपला म्हणून हाती घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या, म्हणजे व्यापक अर्थाने वऱ्हाडच्या, पार्श्वभूमीवर या वादातील राजकीय नेतृत्वाच्या भूमिकेचे विवेचन केले आहे. येथील नेतृत्वाने वैधीकरणास विरोध केला, ही तक्रार करण्याचे कारण नाही. विरोध ही एक भूमिका असते. ‘गांजा’ या एका शब्दाखाली जे निरनिराळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत, त्यांची फोड करण्याचे काम मात्र येथे झालेले नाही, आणि त्याची किंमत कोरडवाहू शेतकरी मोजतो आहे, असे दिसून येते.

शब्दांचा घोळ

मुळात वनस्पती एकच, कॅनॅबिस. तिच्या पानांपासून भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा मिळतो आणि तिच्या चिकापासून चरस तयार होतो. खोडाच्या सालीपासून बळकट तंतू निघतो व बियांपासून खाद्यतेल. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रामुख्याने फुलोऱ्यात व चिकात असते. तंतूसाठी जे वाण घेतले जातात त्यांत ते अत्यल्प असते, आणि उत्तराखंडासह अनेक ठिकाणी त्याची कमाल मर्यादा ०.३ टक्के मानली आहे.

तंतूच्या या पिकास इंग्रजीत ‘हेंप’ म्हणतात आणि मराठीत त्यास सर्वमान्य शब्द नाही. ताग आणि अंबाडी या दोन्ही पिकांनाही इंग्रजांनी हेंपच म्हटले. वऱ्हाडच्या घराघरांतून जिची भाजी आवडीने खाल्ली जाते त्या अंबाडीचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनॅबिनस’ असे आहे, कारण तिची पाने भांगेच्या पानांसारखी दिसतात. नावापलीकडे दोहोंत नाते नाही. तथापि शब्दांच्या अशा घोळामुळे ‘हेंपच्या शेतीस परवानगी’ ही बातमी मराठीत हमखास ‘गांजाच्या शेतीस परवानगी’ होऊन अवतरते, आणि चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपते.

वैधीकरणाच्या मागणीत वस्तुतः चार स्वतंत्र मागण्या आहेत. तंतू व बियांसाठी अल्प टीएचसीच्या वाणांची लागवड ही पहिली. औषधनिर्मितीसाठी नियंत्रित लागवड ही दुसरी. स्वतःच्या सेवनापुरता गांजा बाळगणाऱ्यास तुरुंगात न पाठवता उपचाराकडे वळवावे, ही तिसरी. आणि दारूप्रमाणे परवानाधारक दुकानांतून खुली विक्री व्हावी, ही चौथी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना भारतीय कायद्यात आजही वाव आहे. तिसरी काही अंशी मान्य झालेली आहे. चौथीस मनाई आहे. चारही मागण्यांचे एकच उत्तर मागणारा आणि एकच उत्तर देणारा, दोघेही सारखेच चुकतात.

परवान्याचा काळ

गांजा हा विषय वऱ्हाडास नवा नाही. शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या चरित्रात, दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथात, काशीहून आलेल्या गोसाव्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस फेडल्याचा प्रसंग आहे, आणि महाराजांना त्याचे व्यसन मात्र नव्हते असेही ग्रंथकार आवर्जून सांगतो. भक्तिपरंपरेच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ काय, हा येथील विषय नाही. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गांजा ही लपवून ठेवण्याची वस्तू नव्हती. तो अबकारी खात्याच्या परवान्याने विकला जात असे आणि त्यावर सरकार कर घेत असे. वऱ्हाड तेव्हा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत होते. सातपुड्यापलीकडील निमाडातील खांडवा तहसील हे मध्य प्रांतातील नियंत्रित लागवडीचे केंद्र होते. मुंबई इलाख्यात ही लागवड प्रामुख्याने तत्कालीन अहमदनगर व सातारा जिल्ह्यांत होत असे, आणि बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसरात.

या व्यवस्थेवर पहिला मोठा राजकीय प्रश्न उपस्थित झाला तो लंडनमध्ये. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते आणि काँग्रेसचे मित्र समजले जाणारे खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजाच्या परिणामांबद्दल चौकशीची मागणी केली. तीतून त्याच वर्षी जुलैमध्ये ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तिघे भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या. वऱ्हाडातील साक्षीही घेण्यात आल्या आणि अहवालाच्या सातव्या खंडात त्या मुंबई, सिंध आदी प्रांतांच्या साक्षींसमवेत छापल्या आहेत. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या साक्षींकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

आयोगाचा १८९४ चा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. माफक सेवनाने सर्वसाधारणतः अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही. करवाढ आणि नियंत्रण हाच योग्य मार्ग होय, असे बहुमताने ठरले. वेड्यांच्या इस्पितळांतील १८९२ सालच्या नोंदी आयोगाने पुन्हा तपासल्या. ‘गांजामुळे वेड’ अशी नोंद असलेल्या कित्येक प्रकरणांत ते कारण वैद्यकीय परीक्षेने नव्हे, तर रुग्णास आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या कागदावरून उतरून घेतले होते, असे आढळले. नोंदवही आणि वास्तव यांतील हे अंतर आजच्या अभ्यासकासही विचार करावयास लावणारे आहे.

आजच्या वैधीकरणवाद्यांना हा अहवाल तोंडपाठ असतो. मात्र त्यास जोडलेल्या भिन्नमतपत्रिकांचा उल्लेख ते क्वचितच करतात. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सभासदांनी बहुमताशी असहमती दर्शविणारी स्वतंत्र टिपणे लिहिली होती. म्हणजे उदार वाटणारा निष्कर्ष परकीय अधिकाऱ्यांच्या बहुमताचा होता आणि आक्षेप एतद्देशीयांचे होते. यामागे सरकारचे उत्पन्न होते, हे तेव्हाच्या सुशिक्षित भारतीयांना स्पष्ट दिसत होते. अबकारी महसूल म्हणजे रयतेच्या व्यसनावर पोसलेले राज्य, ही धारणा राष्ट्रीय चळवळीत दृढ होत गेली. १८९७ साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या काळापासून वऱ्हाडचे नेतृत्व याच राष्ट्रीय विचाराच्या मुशीत घडले. व्यसनबंदी ही देशभक्तीची बाजू आणि परवाना ही परकीय सरकारची बाजू, अशी विभागणी एकदा झाली ती झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, तो याच विचाराचा परिपाक होय.

घटनासमिती ते १९८५

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत आजच्या अनुच्छेद ४७ मधील नशाबंदीच्या तरतुदीवर चर्चा झाली. मद्य आणि आरोग्यास अपायकारक मादक द्रव्ये यांच्या सेवनास, औषधी उपयोग वगळून, बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्या दिवशी विरोधात बोलणाऱ्यांत कोल्हापूरचे प्रतिनिधी प्रा. बा. ह. खर्डेकर हे मराठी सदस्य होते, आणि आदिवासींच्या प्रथापरंपरांचा दाखला देणारे जयपालसिंग होते. दोघांचाही विरोध फेटाळला गेला. सभागृहाचा कल पाहता निकाल ठरलेलाच होता. तरीही एका महाविद्यालयीन शिक्षकाने बहुमताविरुद्ध आपले म्हणणे नोंदवून ठेवले, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विसरू नये अशी आहे.

मार्गदर्शक तत्त्वाने लगेच बंदी येत नाही. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीनुसार अफू, भांग-गांजा व अन्य मादक द्रव्यांवर उत्पादनशुल्क बसविण्याचा अधिकार राज्यांकडेच होता. काही राज्यांत परवानाधारक दुकाने पुढेही चालू राहिली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय ‘सिंगल कन्व्हेन्शन’ या करारात भारताने दोन गोष्टी राखून घेतल्या. कॅनॅबिसच्या व्याख्येतून बिया व फुलोऱ्यारहित पाने वगळली गेली, आणि परंपरागत सेवन थांबविण्यासाठी करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला. मुदत संपत आली तेव्हा राजीव गांधी सरकारने गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) आणला. विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडले गेले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. शतकानुशतके चालत आलेल्या एका प्रथेचा निकाल संसदेत महिनाभराच्या आत लागला. ज्या वादासाठी १८९३ मध्ये हजाराहून अधिक साक्षी घेतल्या गेल्या, त्यासाठी १९८५ मध्ये तशी चौकशी झाली नाही.

या कायद्याची व्याख्या नीट वाचली पाहिजे. ‘गांजा’ म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळोरा. त्यासोबत नसलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. त्यामुळे भांग या केंद्रीय कायद्याबाहेर राहिली. (महाराष्ट्रात मात्र ती राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातील ‘मादक द्रव्या’च्या व्याख्येत समाविष्ट आहे. शिवरात्रीस भांग घेणारे सर्वच भाविक ही गोष्ट जाणून असतात, असे नाही.) २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणानुसार ठरू लागली. एक किलोपर्यंतचा गांजा ही अल्प मात्रा, वीस किलोहून अधिक ती व्यापारी मात्रा. अल्प मात्रेस एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेस किमान दहा वर्षे, आणि जामीन जवळजवळ अशक्य. लागवडीस मात्र प्रमाणाची अशी पायरी नाही. झाडे दोन असोत वा दोनशे, कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

याच कायद्याचे कलम १४ सरकारला, म्हणजे राज्य सरकारलाही, तंतू किंवा बियांसाठी तसेच उद्यानविद्येसाठी या झाडाच्या लागवडीस आदेशाद्वारे परवानगी देण्याची मुभा देते. वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी कलम १० आहे. १९८५ पासून हे दोन्ही दरवाजे उघडेच आहेत.

अकोली जहागीरचा सत्याग्रह

बंदी असलेल्या पिकाचे राजकारण वऱ्हाडात कधी झालेच नाही, असे नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने एचटीबीटी कपाशीच्या बियाण्याची जाहीर पेरणी केली. तणनाशकास दाद न देणाऱ्या या जनुकीय वाणास केंद्राच्या समितीची मान्यता नव्हती. संघटनेचे अध्यक्ष अनिल घनवट, अकोल्याचे ललित पाटील बहाळे आदी नेते पुढे होते. पेरणीची तारीख व ठिकाण आधीच जाहीर करण्यात आले होते. गुन्हे नोंदले गेले. त्या काळी पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये अशा उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा होती. (२०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर तेथे कैदेऐवजी आर्थिक शास्ती आली.) म्हणजे शिक्षेचे भय तेथेही होते. तरीही शेतकरी जमले.

मग एका निषिद्ध बियाण्यास अकोट तालुक्यात नेते मिळतात आणि दुसऱ्या निषिद्ध झाडासाठी तसा जाहीर सत्याग्रह वऱ्हाडात होत नाही, असे का व्हावे? ‘गांजा वाईट म्हणून’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. दारूदेखील वाईटच मानली जाते. तरी चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली तेव्हा तिच्यामागे सुधीर मुनगंटीवार यांचे नेतृत्व होते, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला तेव्हा पालकमंत्री विजय वडेट्टीवार उघडपणे त्या बाजूने उभे होते. अवैध दारू व तीतून वाढणारी गुन्हेगारी ही कारणे त्यांनी दिली. म्हणजे एखादी मादक वस्तू वैध करावी, असे म्हणणारा नेता विदर्भात निवडणुकीच्या राजकारणात टिकू शकतो.

पहिले कारण असे की, कपाशी लावणारा शेतकरी संघटित आहे व संख्येने प्रचंड आहे. एचटीबीटीचे बियाणे चोरून का होईना, अनेकांच्या शेतात पोहोचले होते. गांजा लावणारा मात्र एकटा असतो. आपण तो लावतो हे त्याने शेजाऱ्याससुद्धा सांगितलेले नसते. ज्याचे अस्तित्वच कबूल करता येत नाही, अशा मतदारांचा मतदारसंघ होत नाही. दुसरे कारण महसुलाचे. दारूच्या वैधतेमागे परवानाधारक विक्रेते, कारखाने आणि उत्पादनशुल्क अशी उभी साखळी आहे. गांजाची अशी वैध साखळी १९८५ नंतर उरली नाही, म्हणून ती सांभाळू पाहणारा कोणी उरला नाही.

तिसरे कारण अधिक खोल आहे आणि ते खास वऱ्हाडचे आहे. अमरावती जिल्ह्याने महाराष्ट्रास दोन मोठे लोकशिक्षक दिले. शेंडगावचे संत गाडगेबाबा आणि मोझरीच्या गुरुकुंजाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. गाडगेबाबांच्या कीर्तनात व्यसनावर जो प्रहार असे, त्याचा रोख गरिबाच्या घराकडे होता. घरी लेकरे उपाशी असताना बाप नशेत पैसा उडवतो, हा त्यांचा मुद्दा होता. तुकडोजी महाराजांनी ग्रामसुधारणेच्या आपल्या विचारात व्यसनमुक्तीस महत्त्वाचे स्थान दिले. येथील सर्वपक्षीय नेतृत्व आपले नैतिक भांडवल याच वारशातून घेते. पुण्यतिथीस वलगावला किंवा मोझरीस नतमस्तक होणाऱ्या लोकप्रतिनिधीने दुसऱ्या दिवशी गांजाविषयी सौम्य बोलावे, ही अपेक्षा अवास्तव ठरते. शेगावच्या परंपरेत गांजाचा उल्लेख असला, तरी राजकारणाने स्वीकारला तो वलगाव-मोझरीचा मार्ग. हा वारसा आदरणीय आहे, यात शंका नाही. परंतु गाडगेबाबांचा मुद्दा गरिबाचे घर वाचविण्याचा होता, हे लक्षात घेतले तर कर्त्या पुरुषास दहा वर्षे तुरुंगात टाकणारी तरतूद त्या मुद्द्याशी कितपत सुसंगत आहे, असा प्रश्न याच वारशातून उभा राहतो.

अन्यत्र नेतृत्वाने काय केले

देशात याविषयी उघड बोलणारे नेते थोडे. ओडिशातील ढेंकानालचे तत्कालीन खासदार तथागत सत्पथी यांनी गांजाबंदी हा अभिजनांचा निर्णय असून त्यामुळे गरीब माणूस दारूकडे ढकलला गेला, अशी मांडणी केली. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये अफू-गांजासारखे नैसर्गिक पदार्थ आणि कृत्रिम रासायनिक नशा यांत भेद करणारे खाजगी विधेयक पुढे आणले. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी औषधी उपयोगाचा विचार सुचविला. महाराष्ट्रातून केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सेवन करणाऱ्यांना तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे, असे मत व्यक्त केले. ही तिसऱ्या प्रकारची मागणी होय. वैधीकरणाशी तिची गल्लत करण्याचे कारण नाही.

गोव्याचे उदाहरण मराठी वाचकास जवळचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये जम्मू येथील एका केंद्रीय संशोधन संस्थेच्या औषधी लागवडीच्या प्रस्तावास राज्याच्या विधी विभागाने हरकत नसल्याचे कळविल्याची बातमी कायदामंत्री नीलेश काब्राल यांच्या हवाल्याने आली. प्रस्ताव औषधाचा होता. गदारोळ झाला तो ‘गोव्यात गांजा’ या नावाने. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना निर्णय झालेला नसल्याचा खुलासा करावा लागला आणि विषय मागे पडला. मध्य प्रदेशात २०१९ मध्ये कमलनाथ सरकारने औद्योगिक लागवडीचा मनोदय व्यक्त केला तेव्हाही टीकेचा सूर तोच होता.

हिमाचल प्रदेशाने वेगळी पद्धत अवलंबिली. २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंग नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने अन्य राज्यांतील अनुभव पाहिला, अहवाल दिला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने औषधी व औद्योगिक लागवडीसंबंधीचा ठराव संमत केला. त्यानंतर कृषी व उद्यानविद्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपविला गेला. नशेसाठीच्या वापरास येथे कोठेही मान्यता नाही. मागण्यांची फोड म्हणतात ती हीच.

परदेशांत युरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून खुल्या विक्रीचा मार्ग धरला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून मर्यादित प्रमाणात बाळगण्यास व घरगुती लागवडीस मुभा दिली. थायलंडची कथा मात्र सावध करणारी आहे. जून २०२२ मध्ये मंत्री अनुतिन चार्नवीरकुल यांच्या पुढाकाराने तेथे बंदी उठली, पण नियमनाचा कायदा आधी झाला नाही. गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि जून २०२५ मध्ये विक्री पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरती मर्यादित करावी लागली. खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनॅबिसला अतिकडक अनुसूचीतून वगळले आणि भारताने बाजूने मत दिले. मात्र पहिल्या अनुसूचीतील नियंत्रण कायम राहिले.

वऱ्हाडापुढील प्रश्न

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरविला. तसे असेलही. पण अर्जातील पहिले वाक्य भावाविषयी होते, आणि त्यास कोणी उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही.

तथापि, गांजा किंवा हेंप हे कोरडवाहू शेतीवरील उत्तर आहे, असे समजणेही घातक ठरेल. सफेद मुसळी व मोगली एरंड यांच्या वाट्यास आलेला उत्साह आणि त्यानंतरची निराशा या भागातील शेतकऱ्याच्या स्मरणात आहे. तंतूचे पीक घ्यायचे तर तो कुजविण्यास पाणी हवे, सोलण्याची यंत्रे हवीत, विकत घेणारा कारखाना हवा. अल्प टीएचसीच्या वाणातही हवामानानुसार टीएचसी वाढू शकते; ते ०.३ टक्क्यांवर गेले तर उभे पीक नष्ट करावे लागेल, आणि तो तोटा कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे. बियांना व बियांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली आहे, ही जमेची बाजू. १९६९ पासून अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. हे पीक वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत व येथील उन्हात कसे येते, याचे उत्तर प्रथम विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मिळाले पाहिजे. त्यासाठी कलम १४ खालील आदेश पुरेसा आहे. संसदेपुढे जाण्याची आवश्यकता नाही.

सेवनाच्या प्रश्नात आरोग्याची बाजू डावलता येणार नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील २.८ टक्के लोक भांग, गांजा अथवा चरस घेतात, आणि दारू घेणारे १४.६ टक्के आहेत. प्रमाण कमी असले तरी कोवळ्या वयात सुरू झालेले व अतिरेकी सेवन आणि मनोविकार यांचा संबंध आधुनिक संशोधनातून दिसून आला आहे. महाविद्यालयाच्या आवारात वावरणाऱ्या अध्यापकास हा धोका आकडेवारीशिवायही कळतो. म्हणून चौथ्या मागणीविषयी, म्हणजे खुल्या विक्रीविषयी, घाई न करण्यातच शहाणपण आहे. पण कलम ६४-अ अन्वये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यातून मिळणारे संरक्षण किती पालकांना व किती प्राचार्यांना ठाऊक आहे? वसतिगृहात सापडलेल्या विद्यार्थ्याचे काय करावे, हा प्रश्न येतो तेव्हा पोलीस ठाणे व मौन हेच दोन पर्याय समोर असतात.

राहिला तो तुरीच्या तासांत सापडलेला शेतकरी. त्याच्यासाठी सर्वांत निकडीची बाब वजनाची आहे. धाडीत झाडे मुळासकट उपटली जातात आणि ओली, पाने-खोडांसह तोलली जातात. कायद्यात गांजा म्हणजे केवळ फुलोरा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांनी एका जामीन अर्जावर निर्णय देताना फुलोऱ्याशिवायची पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, या भेदावर भर दिला. दोन-तीन किलो फुलोरा असलेली ओली झाडे खोडामुळांसह वीस किलो भरू शकतात. त्या फरकावर व्यापारी मात्रेचा आरोप लागतो की नाही आणि जामीन मिळतो की नाही, हे अवलंबून असते. फुलोरा वेगळा करून त्याचे वजन पंचनाम्यात स्वतंत्रपणे नोंदवावे, अशी सूचना गृहविभाग परिपत्रकाने देऊ शकतो. त्यासाठी कोणत्याही लोकप्रतिनिधीस गांजाची बाजू घ्यावी लागत नाही. विधानसभेत एक तारांकित प्रश्न विचारला तरी तो विषय पटलावर येतो.